गॅरेजातलं बारसं

लेस्कोवात्समध्ये सप्टेंबरात कुणाच्या घरी काय शिजतंय हे विचारायची गरज पडत नाही. सगळ्या गावात लाल मिरच्या भाजल्या जात असतात. चांगल्या गुबगुबीत, वीतभर लांब, गोड मिरच्या. त्या भाजायच्या, सोलायच्या, कढईत घोटून घोटून त्यांचा आयवार करायचा आणि वर्षाच्या बरण्या भरून ठेवायच्या. भाजायला पुरुष पुढे होतात, कारण विस्तवाशेजारी उभं राहून राकियाचे, म्हणजे घरगुती दारूचे, घोट घेता येतात. सोलायला बायका बसतात, कारण ते खरं काम आहे. ऑक्टोबर उजाडला तरी त्यांच्या नखांतलं काळं जात नाही. यात नियम एकच, भाजलेली मिरची पाण्याखाली धरायची नाही. पाणी लागलं की सालाबरोबर चवही गेली. सोलायची यंत्रं गावात आली नव्हती असं नाही, पण ती सगळी पाण्यानं सोलणारी. गावानं त्यांना दारातूनच वाटेला लावलं.

ग्रादिमिरच्या लेकीनं, कालिनानं, पाण्याशिवाय सोलणारं यंत्र केलं.

निश शहरातल्या विद्यापीठातून इंजिनीअर होऊन ती जूनमध्ये घरी आली आणि थेट बापाच्या गॅरेजात शिरली. बापाची गाडी गेली बाहेर, उन्हापावसात. ग्रादिमिर जन्माचा वेल्डर. "बाबा, हे इथं जोडा," "हे कापा," "हे काल जोडलेलं परत सोडवा," असं ती सांगायची आणि तो तोंडानं कुरकुर करत हातानं करत राहायचा. मिरच्या भाजणारं फिरतं पिंप, त्याच्या पोटाखाली ब्रश, आणि सुटलेली सालं उडवून लावणारा गरम वारा, असं ते धूड होतं. सप्टेंबरात शेजारच्या देसांकाकाकू एक पोतं मिरच्या घेऊन आल्या, मुख्यतः नाकं मुरडायला. सोललेली एक मिरची त्यांनी उजेडात धरली, हुंगली, खाल्ली. मग घरी जाऊन उरलेली पोतीही घेऊन आल्या. दुसऱ्या दिवसापासून अंगणात रांग लागली. महिनाअखेरीला डोंगराकडच्या एका सहकारी संस्थेचा माणूस आला. पुढच्या हंगामाला आम्हाला अशी यंत्रं करून द्याल का, म्हणून विचारू लागला. कालिनानं बापाकडे न बघताच हो म्हटलं.

ग्रादिमिरला अभिमान वाटला. इतका वाटला की तो उगाचच फाटकाशी जाऊन उभा राहू लागला, येणाऱ्याजाणाऱ्यानं काहीतरी विचारावं म्हणून. घरात मात्र त्यानं कौतुकाचा एक शब्द काढला नाही, कारण त्याच्यापुढे एक अडचण उभी होती. त्या अडचणीचं नाव ब्लागोये.

ब्लागोये त्यांचा कूम. लग्नात साक्षीला उभा राहतो आणि बाप्तिस्म्याला लेकराला हातावर घेतो तो कूम. ब्लागोयेच्या बापानं ग्रादिमिरला हातावर घेतलं होतं, आणि ब्लागोयेनं कालिनाला. इथला माणूस भावाशी भांडतो, बापाशी भांडतो, देवाशी तर रोजच भांडतो, पण कूमशी भांडत नाही. हे नातं रक्ताचं नाही, म्हणूनच रक्ताहून जपायचं असतं. आणि गेल्या वर्षी, कालिना शेवटच्या वर्गात असताना, ग्रादिमिर आपल्या पायांनी या कूमकडे गेला होता. पोरीला कुठं तरी पक्की सरकारी नोकरी लावून द्या म्हणून. तो स्वतः कापडगिरणीत वेल्डर होता. एका सकाळी डबा घेऊन गेला तर फाटकाला कुलूप. त्या सकाळनंतर त्याला लेकीसाठी एकच गोष्ट हवी होती, जिच्याखालून कुणी ओढून घेणार नाही अशी खुर्ची.

आणि आता, नोव्हेंबरात, कूमचा फोन आला. काम झालं. निशला, सरकारी कंपनीत, येत्या सोमवारपासून.

"मागितली कुणी नोकरी?" कालिना स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली. "मी मागितली?"

"मी मागितली. तेव्हा तुझं ते धूड नव्हतं."

"मग तुम्हीच जा सोमवारी."

"उचलली जीभ लावली टाळ्याला! अगं, कूमनं कुणाकुणाचे उंबरे झिजवले असतील तुझ्यासाठी. लोक अशा नोकरीसाठी नवस बोलतात. काम कर, नाहीतर खिडकीतून कबुतरं मोज, पगार पेन्शनीपर्यंत चालू."

"मला कबुतरं आवडत नाहीत."

"आणि मिरच्या आवडतात! एखाद्या वर्षी गारा पडून मिरच्या गेल्या तर? लोकांचा हौसेचा भर ओसरला तर? एवढी मोठी गिरणी, तिचंसुद्धा फाटक एका सकाळी बंद झालं."

"फाटक दुसऱ्याचं होतं, बाबा. म्हणून तर तुम्हाला बाहेर ठेवून लावता आलं."

ग्रादिमिरची बायको वेरित्सा टेबलाशी कोबीच्या पानांत खिमा गुंडाळत होती. ती म्हणाली, "तुमचं बापलेकीचं काय ते बाहेर जाऊन मिटवा. तुमच्या आवाजानं माझी पानं फाटायला लागलीत."

दुसऱ्या दिवशी मित्रोवदान होता, म्हणजे या घराच्या संताचा दिवस, त्यांची स्लावा. स्लावेला कुणाला आमंत्रण करत नाहीत. ज्याला यायचं तो येतो, आणि कूम तर आधी येतो. ग्रादिमिरची अवस्था धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी झाली होती.

"स्लावा होऊ दे," तो शेवटी म्हणाला. "पाहुण्यांसमोर, संताच्या मेणबत्तीसमोर एक शब्द नको. नंतर मी बघतो काय ते."

"काय बघता?"

"बघतो म्हटलं ना!" आपण काय बघणार आहोत हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

स्लावेला दुपारपर्यंत घर भरलं. मोठी मेणबत्ती जळत होती, पाद्रीबुवा पाव कापून आणि दोन पेले रिचवून पुढच्या घरी गेले होते. यजमानानं या दिवशी खुर्चीला पाठ टेकायची नसते, म्हणून ग्रादिमिर सकाळपासून बाटली घेऊन उभा होता आणि लोकांचे पेले भरत होता. ब्लागोये आला तो कपाटासारखा दार भरूनच. नवा टाय, हातात फुलं. दारातच पाहुण्यांसाठी ठेवलेल्या गोड गव्हाचा चमचाभर घास तोंडात टाकला, छातीवर क्रूस केला आणि टेबलाच्या मानाच्या जागी जाऊन बसला. कोबीचे सार्मे झाले, भाजलेलं डुकराचं मांस झालं, आणि मग जे व्हायला नको होतं तेच झालं. ब्लागोये पेला घेऊन उभा राहिला.

"माझ्या ग्रादिमिरच्या घरी आज दोन आनंद आहेत," तो म्हणाला. "एक संताचा, एक आमच्या कालिनाचा. सोमवारपासून आमची इंजिनीअर निशला सरकारी कंपनीत रुजू होते आहे. कायम जागेवर! मंडळी, आजच्या काळात कायम जागा म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको."

टाळ्या पडल्या. फक्त देसांकाकाकू घाबरून म्हणाल्या, "अगंबाई, मग पुढच्या वर्षी माझ्या मिरच्या?"

कालिना केकची थाळी घेऊन दारात उभी होती. तिनं थाळी खाली ठेवली. "कूम," ती म्हणाली, "तुमचे उपकार मी विसरणार नाही. पण मी रुजू होणार नाही. मी यंत्रं करणार आहे."

ब्लागोयेनं तिच्याकडे पाहिलंच नाही, ग्रादिमिरकडे पाहिलं.

"ग्रादिमिर. तुझ्या घरात. आजच्या दिवशी. कूमचा शब्द परत?"

पोर आहे ती, तिला कशाचं काय कळतंय, सोमवारी जाईल, हे वाक्य ग्रादिमिरच्या ओठावर तयार होतं. ते म्हटलं असतं की सगळं निभावलं असतं. कूम बसला असता, पेले भरले असते. त्यानं लेकीकडे पाहिलं. ती विनवत नव्हती, रागावलीही नव्हती, फक्त बापाकडे बघत होती. त्यानं बाटली टेबलावर ठेवली.

"कूम, नोकरी मी मागितली होती, तिनं नाही. माझ्यासाठी तुम्ही शब्द टाकलात. आता तो परत करतोय तोही मीच. शिव्या द्यायच्या तर मला द्या. पोरगी बरोबर आहे. तिनं त्या गॅरेजात जे केलंय ना, ते मला उभ्या जन्मात जमलं नसतं. माझी छाती फुगते तिच्याकडे बघून. आता झालं, बोललो मी."

इतके महिने दाबून ठेवलेलं असं भर पंगतीत बाहेर पडलं, आणि त्याचा चेहरा लाल झाला.

"छान," ब्लागोये म्हणाला. "फारच छान. वर्षभर मी त्या कंपनीच्या साहेबापुढे टोपी हातात घेऊन उभा राहिलो. आता त्याला काय सांगू? बाई मिरच्या सोलतात म्हणून? माझा कोट आणा."

कुणी जागचं हललं नाही, तेव्हा तो आपणच उठला आणि खुंटीवरचा कोट काढला. वेरित्सानं तोंडावर हात दाबला. कूम रागानं उंबरा ओलांडून गेला, तर दोन पिढ्यांचं नातं त्याच्याबरोबर जाणार होतं, आणि ते पुन्हा बोलावून येत नसतं.

कालिना मात्र आत गेली आणि तितक्याच वेगानं बाहेर आली. तिच्या हातांवर भरतकामाचा टॉवेल होता, टॉवेलवर अख्खा गोल पाव आणि राकियाचा लाकडी चंबू. ते बघून सगळी पंगत ताठ बसली. पाव आणि चंबू घेऊन माणूस एकाच कामाला जातो, कुणाला तरी कूम हो म्हणून विनवायला. आणि अशी विनवणी नाकारत नाहीत. वैऱ्यानं केली तरी नाकारत नाहीत. नाकारणाऱ्याच्या घराला सात पिढ्या बट्टा लागतो म्हणतात.

ब्लागोयेचा एक हात कोटाच्या बाहीत होता, तो तिथंच राहिला.

"कुणासाठी?" त्यानं संशयानं विचारलं, आणि त्याची नजर नकळत तिच्या पोटाकडे गेली. देसांकाकाकूंनी घाईघाईनं क्रूस केला.

"गॅरेजात आहे," कालिना म्हणाली. "वजन जरा जास्त भरलंय. अजून नाव ठेवलेलं नाही."

कुणीतरी हसलं आणि त्याला ठसका लागला. ब्लागोये हसला नाही.

"ही लबाडी आहे, पोरी."

"आहे, कूम. पण नाही म्हणता येतं का?"

"नाही येत," तो म्हणाला, आणि दाढ दुखत असल्यासारखं तोंड करून त्यानं पावाचा तुकडा मोडला.

गळ्यातले रुमाल तसेच ठेवून सगळी पंगत गॅरेजात गेली. वेरित्सानं थंडाव्याला राखून ठेवलेल्या हंगामातल्या शेवटच्या मिरच्या आणल्या. कालिनानं यंत्र चालू केलं. ब्लागोये अर्धवट घातलेल्या कोटात त्याच्याभोवती फिरला, वाकून खाली पाहिलं.

"पाणी?"

"थेंबसुद्धा नाही."

पन्हाळीतून पहिली मिरची घसरून आली, साफ, लाल, वाफाळती. ब्लागोयेनं ती खाल्ली. दुसरी खाल्ली. मग त्यानं यंत्राच्या अंगावरून, पत्र्याच्या सांध्यांवरून अंगठा फिरवला. "हे जोडकाम कुणाचं?"

"बाबांचं. सगळं."

बाप्तिस्म्याला नाव ठेवायचा हक्क कूमचा असतो. आईबापांना कुणी विचारत नाही, त्यांना ते इतरांबरोबरच कळतं. कालिना हे नावसुद्धा ब्लागोयेनंच ठेवलेलं. ग्रादिमिरच्या मनात आपल्या आईचं नाव होतं, ते मनातच राहिलं. आता ब्लागोयेनं चंबूतली राकिया थोडी पिंपावर ओतली, थोडी स्वतः प्यायला आणि म्हणाला, "या गावात दुकानांच्या पाट्या वाचून वाचून माझे डोळे थकले. अमुक आणि मुलगा, तमुक आणि मुलगे. तर याचं नाव, ग्रादिमिर आणि लेक."

"कूम, माझं नाव कशाला?" ग्रादिमिर पुढे होत म्हणाला. "यंत्र तिचं, डोकं तिचं. मी आपला सांगेल ते..."

"बापाला कोण विचारतंय इथं?" ब्लागोये गरजला. "ठेवलं ते ठेवलं. आणि एक ऐक. तुझ्यावरचा माझा राग आहे तिथंच आहे. तो वेगळा, हे वेगळं. नाताळपर्यंत मला फोन करू नकोस."

मग तो घरात परत आला, कोट खुंटीला लावला, आणि रागारागानं आणखी चार सार्मे खाल्ले.

सोमवारी सकाळी, निशच्या त्या कायम जागेवर दुसरं कुणीतरी बसत होतं त्या वेळी, गॅरेजातला फोन वाजला. कालिना यंत्राखाली आडवी होती. ग्रादिमिरनं हात पुसले, घसा साफ केला, फोन उचलला.

"ग्रादिमिर आणि लेक," तो म्हणाला. हे नाव तो पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारत होता. पलीकडे डोंगराकडच्या सहकारी संस्थेचा माणूस होता.

"ग्रादिमिर बोलताय ना? मालक?"

"ग्रादिमिर मीच. पण मालक नव्हे, मी इथं वेल्डर आहे," तो म्हणाला. "थांबा, मालकीणबाईंना देतो."

ती त्याच्या पायाशीच होती, हात खाली केला असता तरी फोन पोहोचला असता. पण ग्रादिमिर गॅरेजच्या दारापर्यंत गेला, रस्त्याकडे तोंड केलं, आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "मालकीणबाई! फोन आहे तुमचा!"