पुंगळीच्या आतली रेघ

मित्रांनो, मी रायफलच्या काडतुसाची एक जुनी पितळी पुंगळी आहे. दारू जळून जाते, गोळी निघून जाते, मागे उरते ती मी. म्हणून मला पुन्हा भरता येते.

कारखान्यातून मी बहिणींसोबत आयर्लंडमधल्या एका नेमबाजी क्लबात आले. तिथल्या, काडतुसे भरायचा परवाना असलेल्या खोलीत पद्मिनीताई आम्हाला भरत. त्या नास गावच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ. त्यांचा धाकटा भाऊ विनय ॲडम्सटाउनहून येई. दर वेळी ताई मला पुसून, फुगलेली असेन ती दाबून मापात आणत, बुडाला ठिणगी देणारी नवी टोपी बसवत. विनयचा पहिला अचूक नेम माझ्यातूनच लागला. त्याने माझ्यावर निळ्या शाईचा ठिपका काढला. मला फार अभिमान वाटला.

यंदा विकलो परगण्यातल्या एका शेतकऱ्याची कोवळी झाडे हरणांनी सोलून काढली. त्याने विनयला शिकारीला बोलावले. ही त्याची पहिलीच शिकार. आदल्या दुपारी त्याने मला पुढे केले.

"ताई, ही भर. माझी लकी आहे."

ताईंनी मला उजेडात धरले. बुडाच्या जरा वर फिकट कडे उमटले होते. टोक वाकवलेली बारीक तार त्यांनी माझ्या आत फिरवली. ती एका जागी अडकली.

"ही नको. आतून झिजलीय."

"अगं, ग्रँड आहे की. एकदाच तर वापरायचीय."

"फाटली तर गरम वायू तुझ्या तोंडावर येईल."

"उगाच घाबरवतेस तू."

ताई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी मला पकडीत धरले आणि करवतीने उभे कापले. विनयने माझ्या आतून बोट फिरवले. भिंत चांगली जाड होती, पण तार अडकली होती तिथल्या खोल रेघेपाशी कांद्याच्या पापुद्र्याएवढीच उरली होती.

"मी हिच्यामागे डोळा लावून बसणार होतो," तो हळूच म्हणाला.

मग त्याने स्वतःच माझ्या साऱ्या बहिणी बाजूला काढल्या. त्या माझ्याइतक्याच वापरलेल्या होत्या. नव्या पुंगळ्या भरून घेऊन तो गेला.

दुसऱ्या दिवशी तो रिकाम्या हाताने परतला.

"हरीण समोर होतं गं. पण मागे पायवाट होती. कोण येईल सांगता येत नव्हतं, म्हणून झाडलीच नाही."

"बरं केलंस," ताई म्हणाल्या आणि त्याच्यासाठी चहा ओतला.

मित्रांनो, कापताना मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? अजून एकदा जायची फार इच्छा होती. पण जिच्यावर माया जडली, ती वस्तूही वेळोवेळी आतून तपासा, आणि ती थकली असेल तर तिला थांबू द्या. तिला ते स्वतःहून सांगता येत नाही.