पाणकणसाची मुळं

वर

तेल होतं.

सुरत-भुसावळ लाइनवर मालगाडीची तेलाची वाघीण कलंडली, त्याला दोन पावसाळे झाले. मुरमाच्या उतारावरून ते तेल भोयांच्या तळ्यात उतरलं आणि साय धरून बसलं. नानीबाई आणि तिचा नवरा उखा त्या तळ्यात शिंगाडा लावायचे.

लावायचे.

आता पाण्यात घातलेला हात कोपरापर्यंत काळा होऊन वर यायचा. शिंगाड्याच्या उरल्यासुरल्या वेली नानीबाईनं विहिरीजवळच्या दगडी डोणीत जगवून ठेवल्या होत्या. या श्रावणात त्या तळ्यात गेल्या नाहीत तर बियाणंही गेलं.

मध्ये

रेल्वेच्या मोरीकडच्या एका कोपऱ्यात पाणकणसाचं उंच गवत माजलं होतं. म्हशी तिथंच डुंबायच्या, तिथंच शेण टाकायच्या. आणि तिथलं तेल विरत चाललं होतं. का, ते नानीबाईला ठाऊक नव्हतं.

"काहीतरी खाई ऱ्हायनं त्याले," ती म्हणे.

"तेल खानारं जनावर?" उखा हसे. "मंग दूध बी देई का ते?"

तिनं पाणकणसाचे कंद साऱ्या काठानं रोवले. आंबलेलं शेणपाणी मुळांशी ओतत राहिली. पाऊस आला, गेला, पुन्हा आला. आषाढ सरता सरता त्या कणसांच्या दाटीत तिला तळाचा खडा दिसला. तिनं दोन वेली सोडून पाहिल्या. वेलींनी पानं पसरली. उखानं वाकून पानं चाचपली. त्या दिवशी त्यानं थट्टा केली नाही.

"कानबाई बोळवली का बाकीन्या येली सोडू," एवढंच म्हणाला.

तळाशी

कानबाई म्हणजे गावाची माय. नारळाचं मुख, नाकात नथ. श्रावणातल्या सोमवारी तिला पाण्यात बोळवायचं. गेल्या साली तेलापायी तिला लांब नदीवर न्यावं लागलं, ते गावच्या सुकलाल पाटलांच्या मनाला लागून राहिलं होतं. या साली देवी इथंच बोळवायची, म्हणून सोमवारी उजाडताच ते गडी घेऊन तळं साफ करायला आले. नानीबाई शेणाची पाटी घेऊन पोचली तोवर अर्धा काठ उघडा पडला होता.

"बापू, उपटू नका ते! त्यानीच पानी साफ व्हई ऱ्हायनं!"

"गवतानी पानी साफ व्हस का, पगली? घान तं तेच शे," पाटील मायेनं म्हणाले. "तुन्हंच तळं साफ करी देतस आम्ही."

तिनं एका गड्याच्या हातातलं खोड धरलं. त्यानं हसत सोडवून घेतलं. उखा दोन पावलं पुढे झाला आणि थांबला. देवीच्या कामात आडवं कोण येणार?

एकेक कंद सुटला, तसा गाळ उठला. गाळात दबलेलं सगळं तेल वर आलं. त्या दोन वेलींवर आलं.

"देखा," गडी नाकाला फडकं लावून म्हणाले, "कितली घान व्हती!"

वर

ढोल. गर्दी. देवीला पाण्यात न्यायचा मान भोयांच्या सुनेचा, पूर्वापार. पाटलीण पार्वतीबाईंनी नानीबाईच्या कपाळाला कुंकू लावलं, देवीचा पाट तिच्या डोक्यावर ठेवला.

"नशीबवान शे तू, नानी. तळं मोकळं व्हयनं."

तिला सांगायचं होतं. ढोलात कोणाला ऐकू जाणार?

पाऊल टाकलं की काळं तेल भोवरे घेत वर यायचं. तिच्याच पावलानं. ती थांबली. आता डोणीतल्या वेली कुठं सोडायच्या?

"आजून आत, माय," मागून सगळे म्हणाले. "आजून आत."

ती आणखी आत गेली.