गौरीची उजवी पावलं

२०२३ सालच्या एप्रिलात परळच्या एका इस्पितळात डॉक्टर इरावतींनी पडद्यावर बोट फिरवलं आणि सुंदराबाईंच्या उजव्या गुडघ्याचं हाड गोल वळलं. आपण इथं खुर्चीत आणि आपला गुडघा तिथं एकटाच फिरतोय, हे पाहून सुंदराबाईंनी पदर ओढून मांडीवर घेतला.

"रोबो कापणार?"

"कापणार मीच, आजी. करवत माझ्याच हातात असते. पण आखलेल्या रेषेबाहेर जायला लागले, की तो हात अडवतो. केसभर पुढं जाऊ देत नाही."

"डाव्याच्या वेळी असलं काही नव्हतं."

डावा गुडघा सहा वर्षांपूर्वी जुन्या रीतीनं बदललेला. म्हाताऱ्या सर्जननी मांडीच्या हाडात सळई घालून, नजरेनं कोन जुळवून तो बसवला होता. नंतर म्हणाले होते, "जन्माचा बाक थोडा ठेवलाय बरं का. सवयीचा आहे तुमच्या." आणि खरंच, दोन महिन्यांत तो पाय आपलाच वाटायला लागला होता.

"यातही बाक ठेवता येतो," इरावती म्हणाल्या. "सांगाल तेवढा."

"नको. अगदी सरळ करा."

"आई, डॉक्टर आहेत त्या," धनेश हसला. "शिंप्याला सांगतेस तसं काय सांगतेस?"

सुंदराबाई हसल्या नाहीत. करी रोडच्या त्या चाळीत त्या लग्न होऊन आल्या, तेव्हापासून घरची गौर थोरल्या जाऊबाई आणायच्या, गंगुबाई. गॅलरीच्या टोकाच्या नळावरून तेरड्याची गौर सुपात घ्यायची, तोंडात पाण्याची चूळ धरायची, बोलायचं नाही, मागं वळायचं नाही आणि कुंकवाच्या पाण्यात भिजलेली पावलं उमटवत घरात यायचं. सुंदराबाईंनी एकदाच विचारलं होतं, यंदा मी आणू का? गंगुबाई सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या होत्या, "गो, तुझे पाय धनुष्यासारखे. गौर वाटेत सांडात!" बायका पोट धरून हसल्या होत्या.

गंगुबाई अहेव गेल्या. पहिलं वर्ष सुतकात गेलं, दुसरं सुंदराबाईंच्या गुडघ्यानं खाल्लं. आता चाळ पाडायची तारीख लागली होती. या घरातली ही शेवटची गौर.

ऑपरेशन झकास झालं. चौथ्या महिन्यात सुंदराबाई काठीशिवाय जिना उतरल्या. दुखणं म्हणून नाही. फक्त उठताना डावा पाय पुढं टाकायचा म्हटलं, तरी उजवाच आधी निघायचा. तो पाय अगदी आज्ञेत चालायचा; कुणाच्या, ते कळायचं नाही.

गौरीच्या दिवशी यजमान गावच्या घरच्या गणपतीला गेलेले. सुंदराबाईंनी हिरवी साडी नेसली, नळावर चूळ भरली, परातीत पाय बुडवले आणि सूप उचललं. मागून सून अक्षदा थाळी वाजवत होती. शेजारणी दारात उभ्या. उजवा, डावा. उजवा, डावा. गौर सांडली नाही. उंबरठा ओलांडताना सुंदराबाईंचे डोळे भरून आले.

तेवढ्यात मागची थाळी थांबली.

दारालगतच्या खुर्चीत धोंडूभाऊजी बसले होते, गंगुबाईंचे यजमान. पन्नास वर्षांत त्यांनी धाकट्या भावजयीला एकेरी हाक मारली नव्हती, तिच्या पायांकडे तर कधी पाहिलंही नव्हतं.

"इलंस गो?" ते म्हणाले.

वळायचं नव्हतं. बोलायचं नव्हतं. सुंदराबाईंनी गौर चौरंगावर टेकवली आणि मग मागं पाहिलं.

गॅलरीपासून आत दोन बाया जोडीनं चालत आल्यासारखे ठसे होते. डावे त्यांचे स्वतःचे, बाहेर कललेले, कडेला दाबलेले. उजवे सरळ, टाच ठाम, बोटं थेट देवाकडे. गंगुबाईंची ती पावलं या घरानं किती वर्षं पुसली होती! अक्षदा थाळी हातात घेऊन नुसती उभी. भाऊजी खुर्चीतून वाकले होते, उजव्या ठशांवर.

"इलंस मां?" त्यांनी पुन्हा विचारलं.

अक्षदानं तांब्या पुढं केला. सुंदराबाईंनी चूळ त्यात सोडली. आता तोंड मोकळं होतं. भाऊजी, मी सुंदरा, एवढंच म्हणायचं होतं.

"इलंय," त्या म्हणाल्या.

भाऊजी त्या दिवशी दोनदा भात मागून जेवले. दिवाळीच्या आधी झोपेतच गेले. चेहरा शांत होता. पुढच्या वर्षी चाळ पडली आणि धनेश-अक्षदा आईवडिलांना घेऊन माटुंग्याला भाड्याच्या घरात राहायला आले. सुंदराबाईंच्या यजमानांना ते घर काही मानवलं नाही, ते बहुतेक गावीच असतात. डॉक्टर इरावती उजव्या गुडघ्याचा एक्स-रे शिकाऊ डॉक्टरांना कौतुकानं दाखवतात.

गौर आता अक्षदा आणते. सुंदराबाईंचे दोन्ही पाय ठणठणीत आहेत. नव्या शेजारणी दर वर्षी आग्रह करतात, एवढ्या छान चालता, मग तुम्हीच आणा की.

"थोरल्या जाऊबाई असताना?" उजव्या गुडघ्यावर हात ठेवून सुंदराबाई म्हणतात. "मी कशी आणू?"