तीन नंबर मशीनची आठवण

मी एक आठवण बोलतेय. माणसाची नव्हे, 'सोबती'ची. चाकणला गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणारी एक कंपनी आहे. तिथं टॅबवर बोलणारा एआय मदतनीस आहे, त्याचं नाव सोबती. कामगार बोलतात, तो ऐकतो आणि कामाचं तेवढं चार शब्दांत लिहून ठेवतो. त्याच्या त्या टिपणांतली मी एक.

माझा जन्म तीन नंबर मशीनवरच्या जुन्या धोंडीबांच्या निवृत्तीच्या दिवशी झाला. गळ्यात हार, हातात पेढा, आणि म्हातारा टॅबसमोर येऊन म्हणाला, "ऐक रं. दिवाळीच्या सुट्टीत तीन नंबरचं मशीन लई दिस बंद ऱ्हातं. मग वरची स्लाइड, पत्रा दाबणारा त्यो जड भाग, आपसूक खाली येती. मधी लोखंडी ठोकळा, ब्लॉक लावल्याबिगर हात घालायचा न्हाई. माझी दोन बोटं तिथंच गेली, बाबा."

सोबतीनं लिहिलं: तीन नंबर, मोठ्या सुट्टीनंतर स्लाइड सरकते, आधी ब्लॉक लावा. झालं! धोंडीबांचं नाव गाळलं, बोटंही गाळली. जागा वाचली म्हणे.

आणि माझ्या शेजारी कोण? मॅनेजरांबद्दलची एक टीप: 'जयसिंग साहेबांना उत्तर थोडक्यात लागतं.' बघा, हिला मात्र नावासकट ठेवलंय! ना घाम, ना रक्त, पण दिवसातून वीसदा हिला बोलावणं. आमच्यात जिला बोलावतात तिचं वजन वाढतं. जिला कोणी विचारत नाही तिचं दर आठवड्याला उतरतं, आणि तळ गाठला की रविवारच्या साफसफाईत ती पुसली जाते. ही सटवी फुगत होती, मी झिजत होते. हो, जळते मी तिच्यावर! सवतीवर जळावं तशी जळते. का जळू नये?

"तुला कुणी विचारतं तरी का गं?" ती म्हणायची. मी लागते वर्षातून एकदाच.

दसऱ्याला मशीनला झेंडू चढले, तेव्हा वाटलं, आता तरी कुणी विचारेल. छे! दिवाळीआधीच्या साफसफाईत माझ्या अलीकडची टीप पुसली गेली. पुढचा नंबर माझाच होता.

सुट्टीत सोबतीही बंद होता, म्हणून रविवारची साफसफाई टळली. सुट्टी संपली. सोमवारी सकाळी मैत्री तीन नंबरपाशी आली. दापोडीची पोरगी, नवीन ऑपरेटर. आत पत्र्याचा तुकडा अडकला होता. तो काढायला हात पुढे करता करता तिनं सहज विचारलं, "सोबती, तीन नंबर सुरू करतेय. काही बघायचंय का?"

सोबतीनं मला हाक मारली! अकरा महिन्यांत पहिल्यांदा. "आधी ब्लॉक लावा. स्लाइड सरकते."

मैत्रीनं हात मागे घेतला, ब्लॉक लावला. थोड्या वेळानं स्लाइड खरंच खाली आली आणि ब्लॉकवर टेकली.

"आई गं!" ती बघतच राहिली. "हे तुला कुणी सांगितलं रे?"

मी आतून ओरडले. धोंडीबा! म्हण ना, धोंडीबा! पण लिहिलंच नाही ते सोबती आणणार कुठून? त्यात, साहेब तिथं नव्हते तरी, ती शेजारीण मध्ये घुसलीच. उत्तर गेलं थोडक्यात: "नोंद नाही."

माझं वजन आता वाढलंय. पुढच्या दिवाळीपर्यंत टिकेन बहुतेक. पण जळफळाट जात नाही. तिच्यात साहेबांचं नाव अजून तसंच आहे.

तुम्हाला तरी आता माहीत झालंय. मैत्री कुठं भेटली तर तिला सांगा, धोंडीबांनी सांगितलं होतं.