आम्ही म्हणजे कोण?

पाठीवर ओझं घेऊन फिरायची हौस मला नव्हती, हे आधीच सांगून टाकते. ती हौस नवऱ्याची. लग्नाला आठ वर्षं झाली, पण दोघंच असे कधी कुठे गेलो नव्हतो. कुठेही निघालो की बरोबर सासूबाई, मोठे दीर, जाऊबाई आणि खाण्याच्या डब्यांची एक पिशवी असायचीच. म्हणून यंदा हा म्हणाला, पाठीवर सॅक टाकू, आगाऊ काही ठरवायचं नाही, समुद्राकाठच्या गावात जाऊ आणि मिळेल त्या खोलीत राहू. "जरा मोकळं फिरू गं," असं अगदी लाडात येऊन. मीही पाघळले. निघताना जाऊबाई फोनवर म्हणाल्या, "मजा करून घे हो, पुढे कुठे जमतंय!" मला वाटलं, बिचारी स्वतःचंच रडगाणं गातेय.

गाव मात्र झकास होतं, हे कबूल करायला हवं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला एकच लांबलचक रस्ता, आणि त्या रस्त्यावर जगातला सगळा गोंगाट. भाड्याच्या स्कूटर, शहाळी, रंगीबेरंगी टोप्या, मालिश करून घ्या म्हणून हात ओढणाऱ्या बायका, फळीवर उभं राहून लाटेवरून घसरायला शिकवणारे उघडेबंब मास्तर. वर प्रत्येक दुकानासमोर एक स्पीकर, तो शेजारच्या स्पीकरशी भांडत असलेला.

आमची पहिली खोली अशाच एका स्पीकरच्या डोक्यावर होती. पलंग गाण्याच्या तालावर हलायचा. न्हाणीघराचं दार लागायचं नाही, म्हणून एकाने आंघोळ करायची आणि दुसऱ्याने बाहेरून दार ओढून धरायचं. मॅनेजरकडे तक्रार केली तर तो हसला. त्याच्या पुढच्या दाताची कॅप बाकीच्या दातांपेक्षा इतकी पांढरीफट्ट होती, की तक्रार विसरून मी तिच्याकडेच बघत राहिले.

माझा नाइलाज आहे. मी दातच बनवते. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, त्यावरून आमच्या लॅबमध्ये कॅप आणि कवळ्या तयार होतात. आधी मेणात दात कोरायचा, मग खरा घडवायचा, भट्टीत भाजत त्यावर रंगाचे थर द्यायचे आणि शेजारच्या दाताशी असा जुळवायचा की त्या माणसाच्या बायकोलाही पत्ता लागू नये. या कामात मी मानेची वाट लावून घेतलीय, आणि त्याचं मला काडीचंही दुःख नाही. आता लॅबच्या मॅडम काम थांबवणार होत्या आणि जाताना लॅब माझ्या हाती देणार होत्या. "फिरून ये, मग हो की नाही ते सांग," असं म्हणाल्या होत्या. मी मनातून केव्हाच हो म्हणून बसले होते. नवऱ्याशी तेवढं नीट बोलायचं राहिलं होतं, कारण मी विषय काढला की याला नेमका कुणाचा तरी फोन यायचा.

त्या दुपारी ती हलणारी खोली सोडून आम्ही दुसरी शोधायला निघालो. ऊन असं की सॅकचे पट्टे खांद्यांना चिकटलेले. नवरा मोबाइलमधल्या नकाशावर बोट ठेवून "हे काय, आलंच" म्हणत होता आणि आम्ही फिरून फिरून त्याच निळ्या भिंतीपाशी येत होतो. शेवटी मी रसाच्या एका गाड्यापाशी सॅक टाकली आणि बाकावर बसले. हाही मुकाट्याने बसला. गार रस पोटात गेल्यावर जरा जिवात जीव आला. म्हटलं, आत्ता याचा फोन वाजत नाहीये, बोलून घ्यावं.

"परत गेलं की मी मॅडमना हो सांगणार आहे."

त्याने तोंडातली नळी काढली. "अगं, त्याची जरा घाई नको करूस."

"घाई कसली?"

"नाही, म्हणजे... आम्ही ठरवलंय की आता घरीच जायचं. कायमचं. दादाला दुकानात माणूस हवाय. तुझंही तिथे बघू काहीतरी."

दोघं राहतो शहरात, पण घर म्हणजे गावाकडचं सासर, आणि दुकान म्हणजे त्यांचं गाद्या-उशांचं दुकान. त्या गावात दातांची लॅब नाही. दातांचा डॉक्टर आहे एक, पण त्याचा सगळा भर उपटण्यावर. पण हे सगळं मला नंतर सुचलं. आधी कानात अडकला तो एकच शब्द.

"आम्ही?"

"काय आम्ही?"

"आम्ही ठरवलंय म्हणालास. आम्ही म्हणजे कोण?"

"म्हणजे आपण गं."

"आपण कधी ठरवलं? आपण तर आत्ता ऐकतोय!"

आपण म्हटलं की त्यात मी येते. आम्ही म्हटलं की मी दाराबाहेर. नुकतं बोलायला लागलेलं पोरही यात गफलत करत नाही. आणि हाही चुकला नव्हता. बोलण्याच्या ओघात चुकून खरं बोलला होता, एवढंच.

"कोण कोण आहे तुमच्या त्या आम्हीमध्ये?"

"दादा. आई. सगळेच." तो ग्लासातला बर्फ ढवळायला लागला. "त्यांचंच म्हणणं पडलं. मोठ्यांपुढे मी काय बोलणार?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे जाऊबाईंनासुद्धा ठाऊक होतं! मजा करून घे म्हणे! सगळ्या घराने मिळून माझं आयुष्य उचलून गाद्यांच्या ढिगावर ठेवलं होतं, आणि मी इथे दोन सॅकमध्ये कपडे कसे मावतील याचं डोकं चालवत होते. हा मला मोकळं फिरवत होता ते दावणीला बांधण्याआधी. मी सॅक पाठीवर चढवली आणि तरातरा चालायला लागले.

"अगं, ऐक तरी!" तो मागून धावत आला. "बसू आपण कुठेतरी शांतपणे..."

"शांतपणे? या गावात?"

तेवढ्यात गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक फोटोवाला आडवा आला आणि आमच्यापुढे उलटा चालत "हसा, हसा" अशा खुणा करायला लागला. जोडपं दिसलं की हे लोक सोडत नाहीत. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने कॅमेरा खाली घेतला आणि मुकाट्याने एका झाडामागे झाला.

"तू तरी एकदा नाही म्हणायचंस," मी भर रस्त्यात थांबून म्हणाले. "तिला विचारतो, एवढे दोन शब्दही नाही फुटले तोंडातून? तोंडात काय मिठाची गुळणी होती?"

"तुला माहितीये ना आईचा स्वभाव."

"हो? मग आईंनाच विचारते."

मी मोबाइल काढला. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "आत्ता नको. जेवून पडली असेल ती."

"उठवते."

"अगं, घरी गेल्यावर बोलू, मी सांगतो तुला सगळं, प्लीज."

एवढं गयावया करायचं काय कारण, ते तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण राग आला की मला समोरचं दिसत नाही. मी टोप्यांच्या दुकानाच्या आडोशाला गेले, फोन लावला आणि गोंगाटात ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"अगं बाई, तू होय!" सासूबाईंचा आवाज चांगला खणखणीत होता. "कसं आहे गाव? समुद्रात फार आत जाऊ नका हं. आणि ऐक, तुमची खोली रंगवायला घेतलीय. पिवळा रंग आवडेल ना तुला?"

"आई, रंगाचं राहू द्या." माझा आवाज चढलाच होता. "माझं काम सोडायचं हे तुम्ही सगळ्यांनी ठरवलंत, आणि मला एका शब्दाने विचारलं नाहीत?"

"विचारायचं काय? तूच मागे लागलीस ना?"

"मी?"

"तोच म्हणाला. म्हणाला, ती कंटाळलीय तिथल्या धावपळीला, रोज रडते, घरी चला म्हणून धरून बसलीय. मी तर त्याला म्हटलं होतं, अरे, एवढी हातात कला आहे पोरीच्या, एवढ्यात सोडू नको म्हणावं तिला. तर म्हणाला, आई, ती कुणाचं ऐकतच नाही. मग दादाने दुकानात जागा केली. माणसावाचून आमचं चाललं होतं की गं तसंही."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो टोप्यांकडे बघत होता.

म्हणजे दादाला माणूस नको होता. आईचा हट्ट नव्हता. मी ज्यांच्या नावाने एवढी बोटं मोडली, त्यांनी माझ्यासाठी भिंती खरवडून ठेवल्या होत्या. हा लिफ्टच्या कंपनीत कामाला आहे. कुठे लिफ्ट अडकली की याने धावायचं, आणि वर साहेबाच्या शिव्या खायच्या. वैतागला असणार. घरी जावंसं वाटलं असणार. त्यात काही पाप नाही! पण मला हरल्यासारखं वाटतंय, मला परत यायचंय, हे स्वतःच्या तोंडाने म्हणायला लाज वाटली. मग माझ्या खांद्यावर बंदूक ठेवली. तिकडे सांगितलं बायको रडते, इकडे सांगितलं घरचे ऐकत नाहीत. आणि आईच्या घरात मला रडूबाई करून ठेवलं ते वेगळंच.

"आई," मी म्हणाले. "मी कधी रडले नाही. मी कुठे येतही नाहीये. मला लॅब मिळतेय, मी ती घेणार आहे. तुम्ही उगाच एवढी धावपळ केलीत."

शेजारच्या दुकानात कुणीतरी गाणं बदललं.

"तो आहे का तिथे?"

"आहे."

"दे त्याला."

मी मोबाइल पुढे केला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला, स्पीकर बंद करायचंही त्याला सुचलं नाही. पाठीवरच्या सॅकच्या ओझ्याने जरा वाकून, एवढ्या माणसांच्या गर्दीत तो उभा होता. सासूबाईंनी एकच विचारलं, "काय रे, तुला काय झालंय?"

तो म्हणाला, "मला यायचंय, आई. मला नाही झेपत तिथे. तिचं काही नाही, मलाच यायचंय." आणि भर बाजारात ढसाढसा रडायला लागला.

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. मी त्याच्या पाठीवरची सॅक उतरवून घेतली, कारण तो पडेल की काय असं वाटलं. पण माझा राग तसूभरही कमी झाला नव्हता. आठ वर्षांत हा माणूस एवढं खरं कधी बोलला नव्हता, आणि आज बोलला तोही आईशीच.