पाखरांसाठी विझवलेला दिवा

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. देवापुढचा नव्हे, जीपच्या तोंडावरचा, उजवीकडचा. आज काचेला तडा आहे, आत गंज आहे. पण विसरलो काहीच नाही.

जीप आधी लष्करात होती. पासष्टच्या लढाईनंतर अमळनेरच्या रतनलालशेठांनी ती लिलावात घेतली. धुळ्याहून कापडाचे गठ्ठे आणायचे, घरच्यांना लग्नाकार्याला न्यायचं, सगळं तिच्यावर. चालवायला झुलाल. तो रोज सकाळी माझी काच डोळ्यासारखी जपून पुसायचा आणि म्हणायचा, "डोया साफ तं रस्ता साफ."

शेठजींच्या आई भंवरीबाई. पाणी गाळून पिणाऱ्या, सूर्य मावळल्यावर घास न घेणाऱ्या. पावसाळ्यात एका सकाळी त्यांनी माझ्या काचेला चिकटलेली जळकी पाखरं पाहिली आणि तिथंच मटकन बसल्या. मुलाला म्हणाल्या, "चातुर्मासात अंधाराची गाडी काढू नको."

शेठजी हसले. "बाई, धंदा कुठं चातुर्मास पाळतो?"

मग दुपारी अंगणात कुणी नसताना भंवरीबाईंनी बॉनेट उघडलं. दिव्यांची तार कुठं बसते हे त्यांनी झुलालच्या हाताखाली पाहिलं होतं. तार सोडवली, टोकाला पाणी गाळायच्या फडक्याची चिंधी गुंडाळली, पुन्हा आवळून टाकली. तार जागच्या जागी दिसे, वीज मात्र आमच्यापर्यंत येईना.

झुलालनं बल्ब बदलले, फ्यूज बदलला, बॅटरी पाहिली. मिस्त्रीनं मला खोबणीतून उपसलं, ठोकलं, परत बसवलं. चिंधी ग्रीसमध्ये काळी झालेली. कुणाला दिसली नाही. शेवटी मिस्त्रीनं आपली अब्रू वाचवली. म्हणाला, "हा चांगले बल्ब विकतो आणि भंगारातले बसवतो." शेठजींना पटलं. ड्रायव्हरला चोर म्हणायला पुरावा कोण मागतो? त्यांनी चौकात, वना चहावाल्याच्या दुकानापुढं, झुलालला चोर म्हटलं आणि कामावरून काढलं.

भंवरीबाईंनी घरात बसून ऐकलं. मुंगी चुकवून पाय टाकणारी बाई, माणूस तुडवला जात असताना गप्प राहिली. त्यानंतर त्यांचं जपात मन लागेना. रोज येऊन बॉनेटवर हात ठेवायच्या. उघडायच्या नाहीत.

पर्युषण संपलं. उपास सोडण्याआधी सगळ्यांची क्षमा मागायचा त्यांच्या जैनांत रिवाज. त्याच सकाळी झुलाल पान्ह्यांची पिशवी परत द्यायला आला. भंवरीबाईंनी त्याच्यापुढंही हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्, झुलाल. जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर माफ कर."

झुलाल म्हणाला, "माफ कराले मी तयार शे, आक्का. पन काय माफ करानं ते तं सांगा."

त्यांचे जोडलेले हात सुटले. त्या माझ्याकडं आल्या, बॉनेट उघडलं, नखांनी चिंधी ओढून काढली. झुलालनं तार लावून बटण दाबलं. भर उन्हात मी लागलो.

"मी केलं," भंवरीबाई म्हणाल्या. "पाखरं मरत होती म्हणून."

शेठजी अंगणातच होते, ते ओशाळले. "बरं, झालं गेलं. उद्यापासून ये कामावर."

"चोर चौकमा म्हनात ना, शेठ? मंग आते घरमा कसाले सांगतस? तठेच सांगा."

शेठजींनी बॉनेट लावून टाकलं. सून उपास सोडायला मुगाचं पाणी घेऊन आली. भंवरीबाईंनी पेला बाजूला सारला, पदर ओढला आणि निघाल्या. झुलालनं हात पुढं केला, तो त्यांनी धरला नाही. फाटक उघडं होतं. मला चौक दिसत होता.

"झुलाल चोर नाही," त्या चहाच्या दुकानापुढं म्हणाल्या. "दिवे मी बंद केले. याला चोर म्हटलं तेव्हा मी घरात बसून ऐकलं."

बाकड्यावरची माणसं खाली बघू लागली. वनानं किटली ठेवून विचारलं, "मंग शेठ कोठे शेतस, आक्का?"

शेठजी माझ्याशेजारी उभे होते. माझ्या काचेवर हात टेकून. तिथंच उभे राहिले.

झुलाल परत आला नाही. पिंपळनेरकडं ट्रक चालवू लागला, असं कानावर आलं. नवा ड्रायव्हर मला पुसेना, माझ्यावर धूळ बसली, पुढं गाडीच भंगारात गेली.

मित्रांनो, दिव्याची काच पुसा, तार तपासा. ते कुणीही शिकवील. पण फाटकापासून चौकापर्यंतचं अंतर शेठजींना चालवलं नाही. तुमच्यावर वेळ आली, तर तेवढं चाला.