बँडमास्तरांच्या कोटाचा उजवा मुंढा

आमची एकुलती एक कन्या, जिला आम्ही घरात मुंगी म्हणतो, शल्यचिकित्सेच्या उच्च शिक्षणातून चार दिवसांची रजा घेऊन घरी आली, तेव्हा तिच्यासाठी मी शिवलेला पांढरा कोट दुकानात हँगरवर सज्ज होता. त्याच्या खिशावर मी स्वहस्ते निळ्या रेशमाने 'शल्यविशारद' अशी अक्षरे भरली होती. वास्तविक तिच्या त्या शिक्षणाचा अद्याप सातवाच महिना चालू होता. तथापि पित्याच्या अंतःकरणास इतका हिशेब राहत नाही.

"मी बटण हातात आल्याशिवाय काज पाडत नाही," काज-बटणांचे काम सांभाळणारी माझी पत्नी म्हणाली. "आणि हे बघा, पदवीच्या आधीच खिसा भरून मोकळे!"

मुंगीने अक्षरांवरून बोट फिरवले, परंतु कोट अंगात घातला नाही. इस्त्रीच्या टेबलापाशी बसून ती म्हणाली, "बाबा, सोमवारी मला आमच्या विभागप्रमुख साहेबांना कळवायचंय. सर्जरीत राहते की सोडते ते."

माझ्या हातातील कात्री कापडाच्या मध्यावरच थबकली. "सोडतेस? अगं, तुझा हात तर लहानपणापासून..."

"हात बरा आहे हो, पण हळू आहे. साहेब म्हणतात, तुझे टाके होईपर्यंत पेशंट आपणहून बरा होऊन घरी जाईल. वॉर्डात मला कासवबाई म्हणतात."

"घरी मुंगी, तिकडे कासव," पत्नी म्हणाली. "बढतीच झाली की!"

मुंगी हसली खरी, पण लगेच गंभीर झाली. "आई, थट्टा पुरे. छत्तीस-छत्तीस तास उभी असते मी. सोडावंसं वाटतं ते दमल्यामुळे, की हे काम माझं नाहीच म्हणून? नुसती दमले असेन, तर सोडणं चूक. आणि तुम्ही तर खिसासुद्धा भरून ठेवलात."

गेल्या तीस वर्षांत मी पुष्कळ शिकाऊ कारागीर पारखले होते. कोणाचे मन कामात आहे हे मला कापडावरून कळते, असा माझा समज होता. तेव्हा मुंगीचीही पारख करावी, असे मी मनोमन योजिले.

योगायोगाने त्याच वेळी बँडमास्तर आत आले. त्यांचा लाल कोट उजव्या मुंढ्यापाशी, म्हणजे बाही खांद्याला जोडतात तिथे, मागील बाजूस वीतभर उसवला होता. "टेलरभाऊ, पुन्हा तिथंच गेला. पाचला बागेत वादन आहे, अब्रू वाचवा."

त्याच जागी मी तो कोट या वर्षात पाच वेळा शिवला होता. दर खेपेस मी उघडपणे दोऱ्यास आणि मनातल्या मनात त्यांच्या देहविस्तारास दोष देत असे. या वेळी मात्र मी कोट मुंगीपुढे ठेवला आणि सुई तिच्या हाती दिली.

तिने शिवण घेतली ती अशी की, प्रत्येक टाक्याला स्वतंत्र गाठ. टाका, गाठ, दोरा तोडला. पुन्हा टाका, पुन्हा गाठ.

"अगं, सरळ धावदोरा घालत पुढं जा की! इतक्या गाठी कशाला?"

"एक टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात, बाबा."

"टेलरभाऊ," स्टुलावर बसलेले बँडमास्तर म्हणाले, "कोट शिवताय की माझं ऑपरेशन चाललंय? भूल तेवढी द्या."

सव्वा तासात एकतीस गाठी झाल्या. टाके असे समसमान पडले होते, की आयुष्यात कोणाच्याही टाक्याची स्तुती न केलेला मी 'वा' म्हणून गेलो. परंतु आणखी एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. त्या सव्वा तासात तिने भिंतीवरील घड्याळाकडे अकरा वेळा पाहिले होते.

बँडमास्तरांनी कोट चढविला आणि वादन सुरू करण्याच्या थाटात उजवा हात उचलला. मुंगी एकाएकी उठली.

"काका, थांबा. परत करा बघू तसंच. आता दंड कानाला टेकवा."

दंड कानाला टेकेना. हात खांद्याच्या वर गेला की त्यांची पाठच वाकडी होऊन वर सरके, आणि मुंढ्याची शिवण ताणली जाई.

"किती दिवस झाले असं होऊन?"

"वर्ष झालं असेल. वयच झालं म्हणून बोललो नाही कुठं."

"बाबा, दोष कोटाचा नाही. यांचा खांदा आखडलाय!" मुंगी माझ्याकडे वळली. "पाच वेळा शिवलंत, आणि एकदाही विचारलं नाहीत, तिथंच का फाटतो म्हणून?"

"ते कापडाशी बोलतात," पत्नीने उत्तर दिले. "आत माणूस आहे हे त्यांना माप घेतानाच आठवतं."

पुढे जे घडले ते मी काम सोडून पाहत राहिलो. मुंगीने त्यांना भिंतीपाशी उभे करून बोटांनी भिंत चढावयास लावली. "मुंगीसारखी चालवा बोटं, काका. घाई नाही." जिथे बोटे थांबली तिथे तिने माझ्या खडूने रेघ ओढली. कुठे दुखते, कोणत्या कुशीवर झोपता, कोणता हात आधी बाहीत घालता, असे नाना प्रश्न तिने विचारले. तिच्यासाठी ठेवलेल्या चहावर साय धरली. अखेर पाऊण तासाने बँडमास्तरांनाच घड्याळाची आठवण झाली आणि ते बागेकडे धावले.

"मुंगे," मी म्हणालो, "शिवताना तू अकरा वेळा घड्याळ बघितलंस. आता एकदाही नाही."

तिने भिंतीवरच्या त्या खडूच्या रेघेवर बोट ठेवले. मग हळूच म्हणाली, "आमच्याकडे पुनर्वसन म्हणून एक विभाग आहे, बाबा. आखडलेले हातपाय पुन्हा चालते करायचे. तिथं हळू असलं तरी कोणी ओरडत नाही."

"म्हणजे तिथं कापत नाहीत?"

"नाही."

"शिवतही नाहीत?"

"नाही, बाबा."

पत्नीने टाके उसविण्याची सुई माझ्यापुढे सरकविली. मी निळी अक्षरे एकेक करून काढली. खिशावर सुईची बारीक छिद्रे तेवढी राहिली. ती वाफ देऊनही पुरती बुजली नाहीत. मुंगीने तोच कोट घातला आणि आरशात पाहिले.

"पुढं काय भरू?" मी विचारले.

"काही नको. आधी तिथं जागा तर मिळू दे!"

सर्जरी सोडून पुनर्वसनात जायचे आहे, असे सोमवारी तिने साहेबांना कळविले. साहेब एवढेच म्हणाले, की अर्ज लेखी द्यावा.

आता अडीच महिने झाले. बँडमास्तर दर आठवड्याला येतात, भिंत चढतात आणि स्वतःच नवी रेघ ओढून जातात. कोट मात्र एकदाही उसवला नाही.

"बघा," पत्नी परवा म्हणाली, "लेकीनं तुमचं हक्काचं गिऱ्हाईक तोडलं."

दुकानाला रंग द्यावयाचा आहे. रंगाऱ्यास मी तेवढी एक भिंत सोडावयास सांगितली आहे.